खडतळे, तळ्यासकट

आमचं खडतळे गाव पहिल्यांदा हललं तेव्हा हेमलता काशीद हिची बोट जागची हलली नव्हती.

बोट हलू नये, अशीच त्या चाचणीची रीत असते. रिमोटवर चालणाऱ्या शर्यतीच्या बोटीची मोटर कितपत ओढते हे बघायचं, तर बोट पाण्यात मोकळी सोडून उपयोग नसतो. ती पळून जाते, माणूस खूश होतो आणि कळत काहीच नाही. बोटीच्या मागच्या कडीला दोरी बांधायची, दोरीला ताणकाटा अडकवायचा, काट्याचं दुसरं टोक काठावरच्या एखाद्या पक्क्या वस्तूला बांधायचं आणि मग रिमोटचा घोडा, म्हणजे बंदुकीसारखा चाप, पूर्ण दाबायचा. बोट जागच्या जागी पाणी उडवते आणि काटा सरकतो. काट्यावर जो आकडा येतो ती त्या मोटरची आणि त्या प्रोपेलरची ओढ. मोटर तीच ठेवून प्रोपेलर बदलला की ओढ बदलते, आणि शर्यतीवाल्यांचं अर्धं आयुष्य ती टिपण्यात जातं.

ताणकाटा माझा. हायस्कूलच्या प्रयोगशाळेत मी परिचर होतो; निवृत्त झालो तेव्हा शाळेने मला श्रीफळ आणि हा काटा दिला. त्यामुळे आमच्या बोट मंडळात काटा वाचायचं काम माझ्याकडे असतं. लोक मला मास्तर म्हणतात. मी मास्तर नव्हतो, पण आता उशीर झाला आहे.

हेमलताचं बाजारपेठेत रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेले पंप, मिक्सर, पंखे तिच्याकडे येतात. ती जुनी तार काढते, नवीन तार भरते आणि ते पुन्हा फिरायला लागतात. हे काम तिला वडिलांनी शिकवलं आणि बोटींचा नाद तिने स्वतः लावून घेतला. बाजारातली मोटर आणून ती उघडायची, आतले वेढे आपल्या मनाप्रमाणे भरायची. प्रोपेलर प्लास्टिकचेही वापरायची, पण जीव पितळीवर. पितळी प्रोपेलर हातात धरून कानसीने पात्याच्या कडा घासत बसली की गिऱ्हाइकाला दोनदा हाक मारावी लागे.

स्वभावाने गरीब वगैरे ती मुळीच नाही. "या जिल्ह्यात माझ्यासारखी वाइंडिंग कोण करत असेल तर त्याने मला शिकवावं," असं ती दुकानात उभी राहून सांगते, आणि अजून कुणी शिकवायला आलेलं नाही.

तर तो संक्रांतीनंतरचा रविवार होता. तिने नव्या मोटरमध्ये तार जाड घेऊन वेढे वाढवले होते आणि तिला बेचाळीस मिलिमीटरचा तीन पात्यांचा पितळी प्रोपेलर लावला होता. बोट दोन फुटांची, लाल रंगाची. दोरी आम्ही नेहमीप्रमाणे घाटाच्या दगडी खांबाला बांधली. हा खांब गावापेक्षा जुना आहे. गाव त्याच्याभोवती नंतर वसलं.

हेमलताने घोडा दाबला. पाणी उसळलं. काटा सरसर सरकत शेवटाला गेला आणि तिथेच थांबला.

"किती, काका?"

"काटा संपला."

"संपला म्हणजे?"

"आकडे संपले. ओढ शिल्लक आहे."

तेवढ्यात गावाबाहेरच्या माळावरून सीताबाई बंडगर ओरडली. तिच्या शेळ्या तिथे चरत होत्या. "ओ मास्तर! कुठं निघालं गाव?"

"कुठं नाही," मी म्हणालो. "चाचणी चालू आहे."

"मग जरा बघून चालवा की! माझी एक शेळी मागं राहिली."

हेमलताने घोडा सोडला आणि आम्ही वेशीपर्यंत जाऊन बघितलं. गावाची कमान पूर्वी बाहेरच्या कडुनिंबाच्या अलीकडे होती, ती आता पलीकडे गेली होती. निंब कमानीच्या शेजारून सरकून मागच्या बाजूला उभा होता. मागे जी जागा सुटली तिथे माळ येऊन मिळाला होता, बोटीमागे पाणी मिळतं तसा. सीताबाईच्या दिराच्या नांगरलेल्या रानात थोड्या लाटा उमटल्या होत्या. त्या संध्याकाळपर्यंत बसल्या. तळं गावाच्या हद्दीत असल्यामुळे तेही गावाबरोबरच आलं होतं.

हेमलताने हे सगळं नीट बघितलं. मग तिने एवढंच विचारलं, "बोटीचं तोंड कुठं होतं?"

"पूर्वेला."

"पूर्वेला हायवे आहे," ती म्हणाली.

इथे हायवेचं सांगायला हवं. तो झाला तेव्हा आमच्या गावाला साडेतीन किलोमीटरने टाळून गेला. आधी गावातून जाणाऱ्या बसेस हायवेने जायला लागल्या, मग चहावाले गेले, मग बँकेची शाखा गेली. आमच्या सरपंच दमयंती शेटे सगळ्या सदस्यांना घेऊन आगारात गेल्या होत्या. आगारप्रमुखांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि हळहळून म्हणाले, "बाई, तुमचं गाव हायवेवर असतं तर मी उद्याच थांबा दिला असता." त्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं.

हेमलताची मुलगी मुक्ता शहरात नर्सिंग शिकते. ती रोज पहाटे माळ तुडवत हायवेवर जायची आणि हात दाखवून मिळेल त्या गाडीने पुढे. गेल्या पावसाळ्यात मधल्या ओढ्याला पाणी आलं, तिचा एक पेपर बुडाला आणि त्या पेपरापायी वर्ष गेलं. मुक्ता रडली नाही, पण त्यानंतर हेमलता तिच्यासमोर हायवेचं नाव काढत नसे.

"काका," घाटावर परत आल्यावर हेमलता म्हणाली, "प्रोपेलर बदलून बघू."

पुढचे काही रविवार आम्ही तेच केलं. प्लास्टिकच्या प्रोपेलरने नुसता फेस झाला, गाव तसूभरही हललं नाही. दोन पात्यांच्या पितळीने गाव हललं, पण असं हिसक्याने की घरोघरी फळीवरची भांडी खाली आली. बायका घाटावर भांडायला आल्या. हेमलताने सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रत्येकीला विचारलं, "कुठली पडली? वरच्या फळीवरची का खालच्या?" त्यावरून तिने अंदाज बांधला. बेचाळीसचा तीन पात्यांचा पुन्हा लावला, घोडा सावकाश दाबला, तेव्हा फक्त गुरवांच्या घरची एक चाळणी पडली, आणि ती आधीपासूनच धड टांगलेली नव्हती.

मधे एकदा वाऱ्याने बोटीचं तोंड फिरलं आणि गावही थोडं फिरलं. हरिभाऊ सुतार अनवाणी धावत आले. "हेमे, माझं देवघर दक्षिणेला गेलं!" हेमलताने बोट उलट बाजूला वळवून एक हलका झटका दिला. हरिभाऊ घरी जाऊन बघून आले. "अजून किंचित," ते म्हणाले. तिने किंचित दिलं.

यानंतर तक्रारी बंद झाल्या आणि लोक रविवारी आंघोळी उरकून घाटावर बसायला लागले. इतर गावांत जत्रा भरतात, कुस्त्या होतात, कुणाचा मुलगा परदेशी जातो. पण आमचं गाव चालतं, हे बोलून दाखवताना खडतळ्याचा माणूस आपोआप ताठ बसायचा.

महिनाभराने मंडल अधिकारी बिडवे आले. ते सज्जन होते आणि मोजणीची साखळी बरोबर घेऊन आले होते. त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि घाटावर येऊन पायरीवर बसले.

"गाव सरकलंय," ते म्हणाले.

"होय साहेब," दमयंतीबाई म्हणाल्या.

"परवानगी कुणाची?"

"बोटीच्या चाचणीला ग्रामपंचायतीची परवानगी आहे. गावाला वेगळी काढलेली नाही."

"म्हणजे चाचणी मुख्य आणि गाव आनुषंगिक."

"तसंच म्हणा."

बिडवे साहेबांनी बोट हातात घेऊन बघितली. प्रोपेलर बोटाने फिरवला. "हा?"

"हाच," हेमलता म्हणाली. "कडा जपून. धार आहे."

त्यांनी तो जपून सोडला. "माझ्यापुढं प्रश्न असा आहे की गट नंबर गावाबरोबर जातात की जागेवर राहतात." एवढं बोलून ते पिंपळाखाली जाऊन बसले आणि दुपारभर विचार करत राहिले. कुणी त्यांना त्रास दिला नाही. उन्हं उतरल्यावर ते उठले आणि म्हणाले, "नंबर मातीचे असतात. माती बरोबर आली आहे, तेव्हा नंबरही आले. माझी हरकत नाही. मात्र गाव चालू असताना पुढच्या घरावर लाल निशाण लावायचं आणि भोंगा वाजवायचा. अंधारात चालवायचं नाही."

"आणि पुढं धोंडगावचं गायरान लागतं," जाता जाता ते म्हणाले. "ते तुमचं तुम्ही बघा."

धोंडगावचे सरपंच रंगराव पाटोळे यांना भेटायला दमयंतीबाई, हेमलता आणि मी असे तिघे गेलो. रंगराव गोठ्यात होते. त्यांनी गूळपाणी दिलं आणि विषय ऐकून घेतला.

"तुमचं गाव आमच्या गायरानातून जाणार."

"जाणार," दमयंतीबाई म्हणाल्या. "गायरान कमी होणार नाही, पाटील. आम्ही पुढं गेलो की मागं जसंच्या तसं मिळतं."

"ते माझ्या कानावर आलंय. जायला माझी ना नाही. पण थांबायचं नाही." रंगरावांनी बोट उभं केलं. "गायरानात एकदा कुणी थांबलं की दहा वर्षांनी ते म्हणतंय आम्ही इथंच होतो. आजवर एक टपरी निघाली नाही माझ्याच्यानं, गाव कुठं काढत बसू? एका दमात पार व्हायचं. जमलं नाही तर मी मोर्चा आणीन, आणि माझं कुणी चुकीचं म्हणणार नाही."

"चुकीचं नाहीच," दमयंतीबाई म्हणाल्या.

"आणि गुरं असताना नाही. जनावरांची मोठी जत्रा असते त्या शनिवारी सगळी गुरं तिकडं जातात. वर्षातून तेवढाच दिवस रान मोकळं असतं."

परत येताना हेमलता बोटांवर दिवस मोजत होती. मला कारण माहीत होतं. त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी राज्यस्तरीय शर्यत होती. इतकी वर्षं ती तिथे जात होती आणि तिसऱ्या क्रमांकाच्या वर कधी आली नव्हती. उदय रणपिसे नावाचे दंतवैद्य दरवर्षी पहिले यायचे. परदेशी मोटर, परदेशी प्रोपेलर, माणूस वाईट नाही, पण हेमलताची मोटर बघून एकदा ते म्हणाले होते, "घरगुती आहे, छान आहे." ते 'छान' तिला लागलं होतं. या वर्षी या मोटरने ती त्यांना मागे टाकणार, हे तिने दुकानात उभं राहून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

आणि गायरान चांगलं किलोमीटरभर रुंद होतं. एवढा वेळ एका दमात ओढल्यावर मोटरचं काय होईल हे तिच्याशिवाय कुणाला जास्त कळणार?

"दुसरी भरता येणार नाही?" मी विचारलं.

"भरीन. पण अशी होईलच असं नाही. एखादी अशी होते, काका. वेढे तेच, तार तीच, हात तोच, तरी एखादीच अशी होते."

ग्रामसभेत हा विषय निघाला तेव्हा दमयंतीबाईंनी सरळच विचारलं, शर्यत का गाव. मग हरिभाऊ सुतार उठले. "बोट तिची, मोटर तिची. शर्यतसुद्धा गावाचीच आहे. तिला जायचं असलं तर तिनं जावं. गाव काय, पुढच्या वर्षी निघेल."

"पुढच्या वर्षीपर्यंत आम्ही इथंच बसू," कुणीतरी म्हणालं, आणि यात टोमणा नव्हता.

एका म्हाताऱ्याला पाहुण्यांची काळजी होती. "गाव हललं तर लेकीबाळींना सापडायचं कसं?" त्यावर बरीच चर्चा झाली आणि हायवेवरचं गाव आंधळ्यालाही सापडतं, असं ठरलं.

मुक्ता सभेत मागे उभी होती. ती पुढे आली. "आई, तू शर्यत जिंक. मी एक वर्ष चालले, अजून दोन चालेन. मला सवय झाली आहे."

मला वाटतं, ते शेवटचं वाक्य मुक्ताने बोलायला नको होतं, कारण ते ऐकलं आणि हेमलताच्या तोंडावरचा गोंधळ गेला.

"शनिवारी निघायचं," ती म्हणाली. "भांडी खाली काढून ठेवा."

अडचण मोटर गार ठेवण्याची होती. शर्यतीची बोट पळते तेव्हा खालच्या नळीतून तळ्याचं पाणी आपोआप मोटरभोवती फिरतं. बांधलेली बोट पळत नाही, म्हणून पाणीही फिरत नाही. हेमलताने यावर बराच विचार केला, पण उपाय मुक्ताने काढला. तिने सलाइनच्या रिकाम्या बाटल्या आणल्या, त्यांत बर्फाचं पाणी भरलं, आणि नळीचं टोक मोटरच्या वेष्टनाला जोडलं. बाटली बांबूला टांगली की पाणी हव्या त्या वेगाने उतरायचं.

शनिवारी उजाडल्याबरोबर वायरमनने विजेच्या तारा सोडून ठेवल्या. पूर्वेच्या पहिल्या घरावर लाल निशाण लागलं. भोंग्याला दूध संघाची जीप आणली होती. गाव आदल्या रविवारीच गायरानाच्या कडेला आणून उभं केलं होतं आणि पलीकडे बांधावर रंगराव आपल्या पाच-सहा माणसांसह येऊन बसले होते. मुक्ता कमरेएवढ्या पाण्यात बोटीजवळ उभी राहिली. एका हातात बांबू, दुसरा हात मोटरवर. मी काट्याऐवजी दोरीची गाठ सांभाळत होतो, कारण काट्याला आता काही काम उरलं नव्हतं.

"निघू का?" हेमलताने विचारलं.

"निघ, बाळ," दमयंतीबाई म्हणाल्या.

गाव निघालं. म्हातारं माणूस काठी टेकत देवळात जातं तेवढ्या चालीने ते जात होतं. गायरानातलं गवत कमानीपाशी दुभंगायचं, दोन्ही अंगांनी सरकायचं आणि गावाच्या मागच्या टोकाला, आमच्या पाटीलवाड्यामागे जाऊन मिटायचं. लोक ओट्यांवर बसून बघत होते. शाळा भरलेली होती; गुरुजींनी खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, पण तास सोडला नव्हता. बॅटऱ्या दोन-दोन जोडलेल्या होत्या. एक उतरली की दुसरी चालू असतानाच ती बदलायची, म्हणजे ओढ तुटत नसे. हे काम हरिभाऊंनी केलं, आणि सुताराचा हात असल्यामुळे एकदाही थरथरला नाही.

अर्धं गायरान झालं तेव्हा मुक्ता म्हणाली, "आई, तापतेय."

"किती?"

"तापाच्या माणसाच्या कपाळासारखी."

"बाटली मोकळी सोड."

तिने सोडली. बाटल्या भराभर संपायला लागल्या. घरोघरीच्या माठांतलं पाणी कळशीकळशीने घाटावर आलं. पाऊण गायरान झालं तेव्हा वास आला. रिवाइंडिंगच्या दुकानात येतो तोच वास, तारेवरचं वार्निश करपल्याचा. हेमलताला तो कुणी सांगायची गरज नव्हती.

"आई, हात लावता येत नाही आता."

"मग काढ हात."

"सोड तू घोडा. थोडी गार होऊ दे. उद्याची शर्यत आहे."

रंगराव बांधावरून उठून उभे राहिले होते. "थांबताय का?" त्यांनी ओरडून विचारलं.

हेमलताने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिचा अंगठा घोड्यावर होता तिथेच राहिला. मी तिच्या शेजारी उभा होतो. तिचे डोळे भरले होते आणि चेहरा मात्र असा होता, जसा एखाद्या पहिलवानाच्या आईचा आखाड्याच्या कडेला असतो. "ओढ गं," ती मोटरला म्हणाली. "ओढ. तू माझ्या हातची आहेस."

गावाचं मागचं टोक म्हणजे पाटीलवाड्याची मागची भिंत. ती गायरानाच्या बांधावरून पुढे सरकली आणि तेवढ्यात बोटीतून धुराची एक सरळ रेघ निघाली. प्रोपेलर थांबला. पाणी शांत झालं. पण गाव जड असल्यामुळे लगेच थांबलं नाही. ते आपल्या वजनाने पुढे जात राहिलं, ओढा ओलांडला, आणि हायवेच्या कडेला येऊन हलकेच टेकलं. ओट्यांवरच्या कपांतला चहा थोडा बशीत सांडला, एवढंच.

जरा वेळाने रंगराव बांधावरून चालत आले. त्यांनी गायरान मागेपुढे बघितलं, जसंच्या तसं होतं. त्यांनी हेमलताला हात जोडले. "थांबला नाहीत," ते म्हणाले.

मुक्ताने मोटर पाण्यातून वर आणली. हेमलताने ती पदरात घेतली आणि सगळं गाव वाजतगाजत हायवे बघायला गेलं तरी ती बराच वेळ घाटावर तशीच बसून होती. मी तिच्याजवळ थांबलो. जळालेल्या मोटरला ती हात लावून बघत होती, मधूनमधून हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमलता, मुक्ता आणि मी असे तिघं घरातून चहा पिऊन शर्यतीला निघालो आणि चहाची चव तोंडात असतानाच हायवेवर पोचलो. लाल निशाण अजून निघालं नव्हतं, ते बघून बस थांबली. कंडक्टर खाली उतरला आणि त्याने कमानीपासून तळ्यापर्यंत नजर फिरवली.

"हे गाव कधी आलं?"

"काल," हेमलता म्हणाली.

"काल का? काल माझी रजा होती." त्याने तिच्या काखेतल्या बोटीकडे बघितलं. "मांडीवर घेणार असाल तर तिकीट लागत नाही. चढा."

शर्यतीत हेमलताने जुनी मोटर आणि प्लास्टिकचा प्रोपेलर लावला, कारण पितळी प्रोपेलरची पाती एवढ्या ओढीने वाकली होती. सहा बोटींत ती पाचवी आली. सहावी बोट बुडाली होती. मुक्ताचा चेहरा पडला, पण हेमलताचा पडला नाही. आजवर हरल्यावर ती कुणाशी न बोलता बोट गुंडाळायची. या वेळी ती काठावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "या, बसा" म्हणत होती.

उदय रणपिसे नेहमीप्रमाणे पहिले आले होते. करंडक काखेत धरून ते आमच्याकडे आले.

"काशीदबाई, यंदा काय झालं? तुम्ही नवीन मोटर आणणार होतात."

"चाचणीत जळाली."

"अरेरे. ओढ किती भरली होती?"

"एक गाव," हेमलता म्हणाली. "अडीच हजार वस्ती. तळ्यासकट."

रणपिसे माझ्याकडे वळले. काटा मी वाचतो हे त्यांना ठाऊक होतं. मी मान हलवली.

त्यांनी करंडक खाली गवतावर ठेवला आणि ते हेमलताच्या शेजारी उकिडवे बसले.

"प्रोपेलर कुठला?"

"बेचाळीसचा. तीन पाती. पितळी. कडा मी घासल्यात."

"वाइंडिंग तुमचंच?"

"माझंच."

"छान आहे," ते म्हणाले, आणि या वेळी ते तिला लागलं नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्या गावापुढे चढ आहे."

"मग पात्याचा पीळ कमी ठेवा," हेमलता म्हणाली. "आणि सुरुवातीला घोडा अगदी सावकाश दाबा. म्हातारी माणसं झोपलेली असतात."